मोऱ्या इंग्रजीत गेला

फाल्गुन लागला की पळस पानं टाकतो आणि आमच्या मायची चिडचिड सुरू होते. बाकीच्यांना पळसाची लाल फुलं दिसतात, मायला नागडी फांदी दिसते. मोगरा विकणाऱ्या बाईनं पुड्या बांधायच्या कशात?

आमचा मळा वलगावात, तीन एकरांचा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याचे आठ वाफे. भाजी दलालाकडं जायची. मोगरा मात्र माय स्वतः अमरावतीत देवळाच्या वाटेवर बसून विकायची. एरवी पळसाचं पान, तेही फुकट. फाल्गुन-चैत्रात रद्दी शोधत फिरावं लागायचं. त्या साली एका वकिलाच्या घरून रद्दी मिळाली. वकील वारलेले, घर आवरणं चाललेलं. वकिलीणबाईंनी इंग्रजी पुस्तकांचं एक डालंच मायच्या पुढं ओतलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा बाई, महिनाभर देवाला एक गजरा दे म्हणजे झालं."

माय खुशीत घरी आली. बाबांनी एक पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "कागद जाड हाय. ओल धरते."

आमच्या घरात पुस्तकाची पारख एवढीच.

मी गोवर्धन. चौथी पास झालो आणि मोटेवर गेलो. त्याचं मला फार दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी बहीण जयवंता चौथीत तालुक्यात पहिली आली आणि अमरावतीच्या इंग्रजी शाळेत तिचं फुकट नाव घातलं गेलं, तेव्हा मला थोडं लागलं. माळ्याच्या पोरीचं इंग्रजी शाळेत नाव. गावात लोक दोन दिवस त्याच्यावरच बोलत होते.

मग सहामाहीचा निकाल आला. इंग्रजीत पन्नासात पाच.

इंग्रजी शिकवायला मोरोपंत मास्तर होते. माणूस वाईट नव्हता, पण शिकवणं म्हणजे पाठांतर. रोज दहा शब्द, त्यांची अक्षरं घोकायची, चुकलं की हात पुढं. जयवंता वाफ्यात बसून घोकायची. "काय अर्थ व त्याचा?" असं मी विचारलं की म्हणायची, "अर्थ परीक्षेत इचारत नाई." त्या निकालाबरोबर हेडमास्तरांची चिठ्ठी आली. वार्षिकात इंग्रजीत नापास झाली तर फुकट नाव बंद.

बाबांनी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि खिशात घातली. "मंग घरी बसन. पानी धराले माणूस लागतेच. नांदगावचे किसनरावांचे पाव्हणे तिले पाहाले येतो म्हनून राहिले, वैशाखात येऊ द्या त्याईले." बाबांचं नाव पंजाबराव. हे किसनराव म्हणजे माझ्या मावशीचे दीर, नांदगाव खंडेश्वरचे. लग्नं जुळवण्याची त्यांना भारी हौस.

जयवंता रात्री जेवली नाही, एवढंच. बारा वर्षांच्या पोरीजवळ भांडायला दुसरं असतं काय?

तर पुस्तकांचं डालं घरी आलं त्या दिवशी तिनं त्यातलं एक उचललं. जाडजूड, आत चित्रं. एका चित्रात एक म्हातारा आणि एक घोडी होती. मायनं तेच हातातून ओढलं, कारण त्याचा कागद सगळ्यात जाड.

"माय, मले वाचू दे."

"वाचून काय करशीन? पुड्या कायच्या बांधू, तुह्या वेणीच्या?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी मायनंच तोड काढली. संध्याकाळी जयवंतानं वाचायचं, जेवढं वाचून होईल तिथं मोगऱ्याची काडी ठेवायची. दुसऱ्या दिवशी वाचलेली पानं मायनं फाडायची. वाचलेल्या पानाचं पुढं काय काम, असा मायचा हिशेब. जेवून झालेली पत्रावळ कोणी जपून ठेवते काय?

आता मजा पाहा. रोज मायला वीस-पंचवीस पुड्या लागायच्या. म्हणजे जयवंताला रोज तेवढी पानं वाचायलाच हवीत, नाहीतर न वाचलेली जायची. पहिल्या दिवशी तिला तीन पानं वाचायला दिवस मावळला. मायनं दुसऱ्या पुस्तकातली पानं फाडून वेळ भागवली आणि बजावलं, "उद्या नाई हां."

शब्दकोश नव्हता. चित्र पाहायचं, पुढचं वाचायचं, मागचं पुन्हा वाचायचं. पाट फोडून पाणी वाफ्यात सोडलं की वाफा भरेपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात दोन ओळी. मोटेचं चाक कुरकुरायचं, पाणी धो धो पडायचं, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेली ही पोरगी ओठ हलवत राहायची. एकदोन वेळा वाफा फुटून पाणी मेथीत गेलं. बाबांनी शिव्या घातल्या. तिनं गुडघाभर चिखलात उतरून हातानं बांध घातला आणि चिखलाचे हात वर धरून कोपरानं पान उलटलं. ते मी धावेवरून, मोटेच्या बैलांच्या उतारावरून, पाहिलं. त्या दिवसापासून मी तिची चेष्टा करणं सोडलं.

आठव्या-दहाव्या दिवशी मी सहज विचारलं, "काय हाय व त्याच्यात?"

ती सांगू लागली. एक म्हातारा आहे, त्याची पिठाची चक्की. चक्की पाण्यावर नाही, घोडी फिरवते. घोडी दोन्ही डोळ्यांनी आंधळी. वीस वर्षं तीच गोल फिरून राहिली. आता गावात वाफेची चक्की आली, म्हाताऱ्याकडं दळण येत नाही. लोक म्हणतात घोडी खाटकाला दे. म्हातारा देत नाही.

मी बैल थांबवले. "हे तू इंग्रजीतून वाचलं?"

"मंग काय उर्दूतून?"

"शब्द कसे समजले?"

"पयले नाई समजत. मंग घोडीचं काय होते हे पाहाचं असते, त मी पुढं जातो. पुढं गेलं का मागचं आपोआप समजते." ती जरा थांबली. "दादा, मास्तर म्हनतात ते शब्द अठी बी हायेत. पन अठी ते काम करून राहिले."

मी चौथी शिकलेला माणूस, माझ्या सख्ख्या बहिणीकडं पाहत उभा राहिलो आणि मला वाटलं, ही कुठं जाऊन येते रोज? आपण तर इथंच असतो, धावेवरून खाली आणि धावेवरून वर.

त्यानंतर रोज संध्याकाळी गोष्ट व्हायची. आधी मी एकटा, मग बाबाही मोट सोडून चिलीम घेऊन टेकू लागले. माय भाकरी थापताना चुलीजवळून विचारायची, "दिली का रे ते घोडी खाटकाले?" बर्फाचं एक पान आलं तेव्हा सगळे अडले. आम्ही गारा पाहिलेल्या, बर्फ कुठून पाहणार? जयवंता म्हणाली, "कापूस फुटल्यावर वावर दिसते ना, तसं. पन वेचता येत नाई आन् थंडं असते." बाबांनी मान हलवली. त्यांना समजलं.

बाबांना घोडीचं एवढं का लागलं हे मला ठाऊक होतं. आमचा मोऱ्या. आमच्या मोटेच्या जोडीतला उजवीकडचा बैल, दोन्ही डोळ्यांत सारा पडलेला, ठार आंधळा. धाव त्याला पायानं पाठ होती. त्याला विकायला माय दोन वर्षं सांगत होती.

चैत्राच्या तोंडाला एका दुपारी वावधन सुटलं. धुळीत हात दिसेना. गोठ्याचं तट्ट्याचं दार उडालं, मोऱ्या बुजला आणि दावं तोडून निघाला. धूळ बसली तेव्हा बैल नाही. मी पळत सुटणार तर बाबांनी दंड धरला.

"कोनीकडं जाशीन? चारी दिशा हायेत. त्यालेच येऊ दे."

"त्याले दिसते काय?"

"ऐकू येते ना."

दुसरा बैल एकटा मोट ओढत नव्हता. बाबांनी मोटेचा जाड नाडा आपल्या खांद्यावर घेतला. मला दुसऱ्या अंगाला लावलं. आम्ही बापलेक बैलांच्या जागी जुंपून धावेवरून उतरलो. चाक कुरकुरलं. वर गेलो, पुन्हा उतरलो. भरलेली मोट माणसानं ओढायची म्हणजे काय ते ओढणाऱ्यालाच माहीत. खांदा सोलला, पायाच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. शेजारच्या मळ्यातला उत्तमराव धुऱ्यावर येऊन हसला, "काय पंजाबराव, बैल विकले का?" बाबांनी नाडा ओढला. जयवंता मोट रिकामी होते त्या थारोळ्याजवळ पुस्तक पोटाशी धरून उभी होती. तिचे डोळे आमच्यावर होते, पुस्तकावर नव्हते.

दिवस मावळायला पळसाच्या रानाकडून मोऱ्या आला. मान खाली, हळूहळू, चाकाच्या आवाजावर पाय टाकत. सरळ धावेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. बाबांनी नाडा टाकला आणि त्याच्या मानेवर डोकं टेकलं. मायनं परत कधी विकायचं नाव काढलं नाही.

मग रामनवमीचा आदला दिवस आला. मोगऱ्याला त्या दिवशी मोठी मागणी. शाळा सकाळची झालेली, म्हणून जयवंता मायला देवळाच्या वाटेवर सोडून लवकर शाळेत गेली. जाताना काडी दाखवून गेली, अठीवर वाचलं. गोष्टीत घोडी हरवली होती. बर्फाचं वादळ, फाटक उघडं राहिलेलं, घोडी बाहेर, खुरांचे माग बर्फानं बुजलेले. तिथं ती येऊन थांबली होती.

गिऱ्हाइकांची रेटारेटी. मायनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि फाडत गेली. जयवंता सुटून आली तेव्हा मोगरा संपला होता आणि माय खुशीत होती. जयवंतानं पुस्तक हातात घेतलं आणि काडी शोधू लागली.

पुस्तक उपडं होतं. मायनं मागून फाडलं होतं. काडीच्या पुढचीच पानं, शेवटची.

मायला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी पुस्तकाच्या दोन्ही बाजू सारख्याच, कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

मी बाजारात भाजी पोचवायला आलेलो, तसाच त्यांना शोधत गेलो. जयवंता देवळामागच्या निर्माल्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. कुजकी फुलं, ओले कागद, शाई पसरलेली. मीही बसलो. एक पान मिळालं, ते दुसऱ्याच पुस्तकाचं. येणारेजाणारे पाहत होते. एक बाई म्हणाली, "भिकारी झाले बाई निर्माल्याचेही." मायनं ऐकलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि खाली बसून आमच्याबरोबर शोधू लागली. तिला काय शोधायचं तेही माहीत नव्हतं. प्रत्येक कागद जयवंतापुढं धरून विचारायची, "हे? हे काय व?"

मिळालं नाही.

घरी बाबांनी विचारलं, "सापडली का घोडी?" जयवंता सरळ आत गेली. उरलेली मधली चार-पाच पानं आणि पुठ्ठा मायनं फाडला नाही. फुलांच्या टोपलीच्या तळाशी घालून रोज अमरावतीला नेऊ-आणू लागली. कशाला, ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पुड्या दुसऱ्या पुस्तकांच्या. आणि जयवंता तीही वाचून काढत होती, पण गोष्ट सांगताना तिच्या तोंडात जीव नसायचा.

परीक्षा झाली. आठ दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. बाबा मोट सोडून येईनात, म्हणून माय आणि मी गेलो. माय टोपली घेऊनच.

हेडमास्तरांच्या खोलीत जयवंता भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. मोरोपंत मास्तर एका बाजूला, हातात तिची उत्तरपत्रिका.

"बाई, तुमच्या मुलीनं नक्कल केली आहे," हेडमास्तर म्हणाले. "वाचलेली एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा, असा प्रश्न होता. वर्गानं रीडरमधली लिहिली, आठ-दहा ओळी. हिनं चार पानं लिहिली. सहामाहीत पाच मार्क मिळवणारी मुलगी चार पानं इंग्रजी लिहिते?"

माय म्हणाली, "लिवली त लिवली. त्याच्यात चोरी कायची?"

"पुस्तकातून पाठ केली. कुठलं पुस्तक ते सांगत नाही."

"सांगतलं म्या," जयवंता पुटपुटली. "माय त्याच्यात मोगरा इकते."

कारकून हसला. मायनं टोपलीच्या तळातून पुठ्ठा काढला, त्याला चिकटलेली चार पानं, आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. उलटा. कारकून आणखी हसला. मायला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नाही. तिचे हात तसेच राहिले. मला त्या कारकुनाच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि मी मारलं नाही याची मला आजही लाज वाटते.

मोरोपंतांनी ते तिच्या हातातून घेतलं, सरळ केलं, पाहिलं. मग खोलीतलं काचेचं कपाट उघडलं. आत इंग्रजी पुस्तकांच्या रांगा. जयवंता वर्षभर त्या शाळेत होती, ते कपाट उघडं तिनं कधी पाहिलं नव्हतं. पोरं पुस्तकं खराब करतात म्हणून कुलूप. मोरोपंतांनी दुसऱ्या रांगेतून एक पुस्तक काढलं. तेच चित्र, तोच म्हातारा, तीच घोडी. कोरं करकरीत.

त्यांनी उभ्याउभ्या शेवटची पानं वाचली. मग जयवंताचा कागद वाचला. मग पुन्हा पुस्तक. त्यांचा चष्मा खाली आला, त्यांनी वर केला नाही.

"जयवंता, शेवट कुठून आणलास?"

"फाटला होता. म्या केला."

मोरोपंत हेडमास्तरांकडं वळले. "नक्कल असती तर शेवट पुस्तकातला असता. हा नाही. बावीस चुका आहेत, त्याही हिच्याच." मग मायला म्हणाले, "बाई, ऐका." आणि त्यांनी तो कागद इंग्रजीतून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ वाचून थांबत आणि जयवंता ती मराठीतून सांगत होती. आधी घाबरून, मग सरळ उभी राहून.

बर्फ कापसाच्या वावरासारखा पसरला होता. लोक म्हाताऱ्याला म्हणाले, जा शोध. तो म्हणाला, दिशा चार आहेत, मी एक. त्यानं घोडीचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि चक्की फिरवायला लागला. चक्कीत दाणे नव्हते. नुसती कुरकुरत होती. शेजारी हसला. म्हाताऱ्याचा खांदा सोलला, रक्त आलं. तो फिरत राहिला. आणि दिवस मावळायला घोडी आली, मान खाली, आवाजावर पाय टाकत.

मायचं तोंड उघडं राहिलं होतं. तिनं माझी बाही धरली.

"गोवर्धन," ती हळूच म्हणाली, "हा त आपला मोऱ्या हाय."

"हो माय."

"आपला मोऱ्या इंग्रजीत गेला?"

माझा हात खांद्यावर गेला. हे सगळं मी केलेलं होतं, माझ्याच खांद्यावर वळ होता, आणि तेच एका परक्या भाषेतून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं.

मोरोपंतांनी तांबड्या शाईनं उत्तरपत्रिकेवर नकलेसाठी दिलेलं शून्य खोडलं आणि चौतीस लिहिले. हेडमास्तर खाकरले, कागद पुढं ओढून सही केली. मोरोपंत म्हणाले, "वीस वर्षं शब्द पाठ करून घेतोय मी पोरांकडून." कपाटातलं ते पुस्तक त्यांनी जयवंताला दिलं. वाचून परत आण, दुसरं ने, म्हणाले. आणि कपाटाला कुलूप लावायचं विसरले, की लावलंच नाही, देव जाणे.

परतताना माय आणि आम्ही दोघं उत्तमरावाच्या बंडीत होतो. वलगावच्या अलीकडं पळसाला कोवळी पानं फुटली होती. मायनं बंडी थांबवली, उतरली, पाच-सहा मोठी पानं पाहून तोडली. मला वाटलं मोगऱ्याला. तिनं ती पुस्तकाभोवती गुंडाळली आणि वरून केळीच्या सोपटानं बांधली.

मळ्यात बाबा मोऱ्याला पाणी पाजत होते. मी सगळं सांगितलं. बाबांनी दोनदा सांगायला लावलं. मग उत्तमरावाला हाक मारून म्हणाले, "उद्या नांदगावकडं जाशीन त किसनरावले सांग, यंदा नाई म्हना. पोरगी शिकून राहिली." एवढं बोलून त्यांनी मोऱ्याच्या पाठीवर पाणी मारलं.

जयवंता थारोळ्यावर बसून पुस्तक सोडत होती. माय जवळ गेली. पुस्तकाच्या एका बाजूवर बोट ठेवून म्हणाली, "अठून सुरू व्हते. हो ना?"

"हो माय."

"मंग खरा शेवट वाच."

जयवंतानं शेवटची पानं काढली. मनातल्या मनात वाचली. "माघ-फाल्गुनात बर्फ वितळते," ती म्हणाली. "फाटकापासून दहा पावलांवर घोडी सापडते. मेलेली. म्हातारा चक्कीले कुलूप लावते. संपलं."

मोटेचं चाक थांबलेलं होतं. बाबांचा हात मोऱ्याच्या पाठीवर होता. मोऱ्या पाणी पीत होता, कान हलवत.

मायनं पळसाची पानं पुन्हा सरळ केली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बरं झालं म्या मागून फाडलं."